बाराखोल्यांच्या चुली

मी नर्स नव्हते, सुईण नव्हते आणि स्वयंपाकीण तर मुळीच नव्हते. तरी जानेफळात कोणी माझी चौकशी केली की लोक यातलं काहीतरी एक सांगून मोकळे व्हायचे. माझ्या सख्ख्या वहिनीनं तर मला बघायला येणाऱ्या एका स्थळाला ‘आमच्या वन्सं म्हाताऱ्यांच्या शाळेत मास्तरीण आहेत’ असं सांगून ठेवलं होतं. ते स्थळ पुन्हा फिरकलं नाही. मलाही त्याचं फार वाईट वाटलं नाही, कारण मुलाच्या आईनं आल्या आल्या चहात साखर कमी असल्याचं सांगितलं होतं.

आता दिवाळी अंकासाठी लिहा म्हणून गळ घातली आहे, तर एकदाचं सांगून टाकते. गावाबाहेर, मेहकरच्या रस्त्याला, एका जिनवाल्या मालकीणबाईंनी कापसाचं जुनं गोदाम पाडून एका ओळीत बारा खोल्या बांधल्या होत्या. लोक त्या जागेला बाराखोल्याच म्हणत. प्रत्येक खोलीला आपलं दार, आत चूल आणि मोरी, पुढे बसण्यापुरता ओटा. ज्यांचं कोणी नाही, किंवा आहे पण त्यांच्या दारात पडून राहायचं नाही, अशी थकलेली माणसं तिथं राहत. ज्वारी, डाळ, तेल, जळण संस्थेकडून मिळायचं. नियम एकच होता. आपली भाकर आपल्या चुलीवर आपण करायची.

आणि या माणसांना ते जमावं अशी सोय करणं, हे माझं काम होतं.

मालकीणबाईंनी मला कामावर घेतलं तेव्हा त्यांनी शिक्षण विचारलं नाही. खाटेवर बसल्या बसल्या माझ्या हातांकडे बघून म्हणाल्या, “भाकर थापता येते तुले?”

“येते.”

“मंग ध्यानात ठेव पोरी, इथी कोणाचीच थापायची नाही.”

मला हसू आलं. त्या हसल्या नाहीत. “माह्या सुना लय चांगल्या. त्यांनी मले मानानं पाटावर बसवलं. चुलीजवळ जाऊ देत नाही, विहिरीवर जाऊ देत नाही. मानानं बसवलं अन् तिथंच वाळवलं मले. माह्या खोल्यायत असं नाही झालं पाह्यजे.”

त्यानंतर वर्षभरातच त्या गेल्या आणि कारभार त्यांच्या धाकट्या भावाकडे, भाऊसाहेबांकडे आला. बहिणीचा शब्द भाऊसाहेबांसाठी देवाचा शब्द होता. देवाच्या शब्दाची जी गत पुजाऱ्याच्या हातात होते, ती पुढे कशी होऊ लागली ते सांगतेच.

माझं काम बाहेरून बघणाऱ्याला काहीच वाटायचं नाही. सकाळी मी प्रत्येकाचा रांजण अर्धाच भरायची. गच्च भरला की म्हातारं माणूस वरून पाणी घेताना सांडतं आणि त्याच ओलीत घसरतं. पाणी तळाशी गेलं की वाकावं लागतं. सुयांमध्ये दोरा ओवून त्या उशीला टोचून ठेवायच्या, म्हणजे फाटलं तर ज्याचं त्यानं शिवावं. उंबऱ्याला चुन्याचा जाड पट्टा ओढायचा, म्हणजे अधू डोळ्यांना तो दिसतो. भिंतीच्या कडेनं मोरीपर्यंत दोरी बांधायची. हात धरायला मी काही चोवीस तास नव्हते, दोरी होती.

आणि सगळ्यांत कठीण काम म्हणजे हात मागे बांधून उभं राहणं. म्हातारं माणूस लुगड्याच्या निऱ्या करतंय, तिसऱ्यांदा सुटल्यात, चौथ्यांदा धरतंय, आणि आपले तरणे हात नुसते शिवशिवतायत. एका मिनिटात आपण नेसवून मोकळे होऊ. पण आज नेसवलं की उद्या ती तशीच उभी राहील आणि आपली वाट बघेल. मी स्वभावानं तापट आणि घाईची. देवानं मलाच नेमकं हे काम का दिलं, याचा मला अजून उलगडा झालेला नाही.

माणसं एकेक नग होती. करीमचाचा पिंजारी होते. उभी हयात गाद्या-रजयांचा कापूस पिंजला आणि तो कापूस त्यांच्या छातीत जाऊन बसला. दम्यामुळे आडवं झोपता यायचं नाही. त्यांच्यासाठी आढ्याला मी एक जाड दोर टांगून दिला. तो धरून ते बसल्या बसल्या झोपायचे आणि उठताना त्यालाच धरून उठायचे. पहिल्या दिवशी दोर बघून म्हणाले, “बाई, फाशी द्याचा इरादा आहे का?” मी म्हटलं, “चाचा, तुम्हाला फाशी द्यायची तर आधी जेलरची परवानगी काढावी लागेल.” तेव्हापासून ते भाऊसाहेबांना जेलरसाहेब म्हणू लागले. तोंडावर नाही अर्थात.

त्यांच्या शेजारी सुखदेवबुवा. हे गाडीवान. खामगावच्या बाजाराला कापसाच्या गाड्या हाकण्यात केस पांढरे झाले होते. कमरेत वाकलेले, पण जीभ सरळ. वऱ्हाड आधी मध्यप्रदेशात होता, मग मुंबई राज्यात गेला आणि नुकताच महाराष्ट्र झाला होता. बुवा ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, “गाडी हाकत होतो तवा राज्य एकच होतं. आता जागेवर बसून राह्यलो, तं राज्यंच माह्याखालून सरकून राह्यले.”

या बुवांच्या पलीकडे, ओळीच्या शेवटच्या खोलीत, गयाबाई आली.

गयाबाई मूळची साखरखेर्ड्याची, माळ्याची. नवरा लवकर गेला. मूलबाळ नाही. भाऊ-भावजय साथीत गेले तेव्हा त्यांचा तान्हा मुलगा हिनं पदरात घेतला. डोक्यावर भाजीची पाटी घेऊन बाजार करून त्याला वाढवलं. तो विठ्ठल आता वडनेर भोलजीला शेती आणि भाजीचा धंदा बघत होता आणि आत्याला घरी घेऊन जायला कधीचा मागे लागला होता. ही जाईना. “ज्याले म्या भरवलं, त्याच्या हातून आता म्या भरवून घ्याचं? नाही बाप्पा,” असं तिचं म्हणणं. बोलायला फटकळ. माझ्या वेणीपासून भाऊसाहेबांच्या टोपीपर्यंत तिला सगळ्यात खोट दिसायची. पण भाकर अशी थापायची की मी कामं सोडून बघत राहायची. हातातून तव्यावर जाताना भाकर जराही वाकडी होत नसे.

आली त्याच्या पुढच्या हिवाळ्यात तिनं स्वयंपाक करताना दार लावायला सुरुवात केली.

बाराखोल्यांत स्वयंपाकाच्या वेळी कोणी दार लावत नाही. धूर कोंडतो, आणि शेजारणीला काय कोरड्यास केलंय ते दिसत नाही. दोन-तीन दिवस मी काही बोलले नाही. मग एका सकाळी दार लोटून आत गेले. गयाबाई चुलीपुढे बसली होती. परातीत पीठ होतं, आणि तव्यावर, चुलीत, राखेत सगळीकडे भाकरीचे तुकडे. तिचे दोन्ही हात वाऱ्यावरच्या पानासारखे थरथरत होते. थापलेली भाकर उचलली की वाटेतच फाटायची.

“काय पाहून राह्यली?” ती माझ्यावरच खेकसली. “थंडी लागून राह्यली मले.”

थंडी नव्हती. कंपवाताला सुरुवात झाली होती. मेहकरच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं, आणि हे आता वाढत जाईल असंही सांगितलं. वाटेत बसमध्ये तिनं कंडक्टरचीसुद्धा खोट काढली नाही. असं मी पहिल्यांदाच बघत होते आणि मला ते मुळीच आवडलं नाही.

पुढच्या फेरीला भाऊसाहेबांच्या ते लक्षात आलं. भाऊसाहेब वाईट माणूस नव्हते. गयाबाईच्या खोलीतून बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे ओले होते. पण म्हणाले, “बाई, नियम म्हणजे नियम. एकीला करून घातलं की उद्या सगळे ताट घेऊन बसतील. माझ्या बहिणीला अन्नछत्र नको होतं. भाचा चांगला आहे ना? मग त्याला बोलवा.”

विठ्ठल आला तो गाडीत गादी घालून. एवढं प्रेमानं नेणारं माणूस असल्यावर मी काय बोलणार? गयाबाई गादीवर बसली, माझ्याकडे बघितलं नाही, आणि गेली.

महिना झाला असेल नसेल. दुपारची एसटी थांबली आणि कंडक्टरच्या हाताला धरून गयाबाई उतरली. काखेत गाठोडं. सरळ आपल्या ओट्यावर येऊन बसली आणि म्हणाली, “पाणी दे.”

मी पेला पुढे केला. तिनं तो दोन्ही हातांनी धरला. अर्धं पाणी लुगड्यावर सांडलं, अर्धं प्यायली.

“तिथी असं सांडूबी देत नव्हते,” ती म्हणाली. “सून पेला तोंडाले लावे. पोरं म्हणत, आजी, उठू नको. विठ्ठल म्हणे, आत्या, तू फकस्त बसून राह्य. अवो, मी काय देवघरातली देवी हाव? देवीले तरी वर्षातून एकदा पालखीत फिरवते. अंगणातल्या मेथीले पाणी टाकाले गेली, तं चार जणं धावले. त्या घरात कोणी वाईट नाही पोरी. पण तिथी मी मेल्यावरबी कोणाले समजलं नसतं, एवढी चुपचाप बसवली होती मले.”

मागोमाग विठ्ठल आला. बिचाऱ्याचं तोंड एवढंसं झालं होतं. “आमचं काय चुकलं ते सांगा बाई,” असं मलाच विचारत होता. भाऊसाहेबही आले. ओट्यावरच बैठक झाली. शेवटी ठरलं ते असं की होळीनंतर भाऊसाहेब आणि विठ्ठल दोघं येतील. त्या दिवशी गयाबाईनं त्यांच्यासमोर आपला स्वयंपाक आपण केला तर खोली तिची. नाही तर वडनेर, आणि मग पुन्हा एसटीत बसायचं नाही. गयाबाईनं आपल्या कुळदैवताची शपथ घेतली. ती शपथ मोडणाऱ्यातली नव्हती, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

मग आमची धडपड सुरू झाली. जड परात आणली. मनगटाला वाळूची पिशवी बांधून बघितली. कापडावर भाकर थापून कापडासकट तव्यावर टाकून बघितली, तर कापडच जळलं. मी म्हटलं, “कण्या शिजवून खा ना, थापायचं कामच नाही.” ती भडकली. “कण्या बिमाराले. मी बिमार हाव?” एका सकाळी तिची ती तडफड बघवेना म्हणून मी परात ओढली आणि म्हटलं, “आण, मी थापते. कोण बघतंय?” तिनं परात परत आपल्याकडे ओढली. “मी पाहून राह्यली ना,” म्हणाली. मालकीणबाईंनीही मला एवढ्या थोडक्यात गप्प केलं नव्हतं.

सुखदेवबुवा हे सगळं शेजारून बघत होते. त्यांचं आणि गयाबाईचं कधी पटलं नाही. ती त्यांना ‘बुढा बैल’ म्हणायची आणि ते तिला ‘मिरची’. एक दिवस ते काठी टेकत आले, उंबऱ्याबाहेर बसले आणि कंबरेचा बटवा सोडून तंबाखू मळत म्हणाले, “गयाबाई, खामगावच्या रस्त्यावर माह्याजवळ परात नव्हती, पोळपाट नव्हता, अन् बायको तं घरी होती. मंग तीस-चाळीस वर्सं मी काय उपाशी होतो काय?”

“तुमचं मले काय सांगता?”

“पानगे खात होतो. पळसाच्या पानावर पीठ ठेवाचं, वरून दुसरं पान, अन् दाबाचं. उचलाचं ते पानासकट. हात हलो का काही हो, पानगा फाटत नाही. पान धरून ठेवते त्याले.”

गयाबाईनं तोंड वाकडं केलं. आमच्याकडे पानगे म्हणजे शेतातल्या पार्टीचा जिन्नस. चार मित्र जमतात, गोवऱ्यांचा आर म्हणजे निखारे फुलवतात, वांग्याची भाजी आणि पानगे हाणतात. “रोज उठून वनभोजन करू का मी? लोक काय म्हणतीन?”

“लोक म्हणतीन, बुढी मजेत आहे,” बुवा म्हणाले.

तिनं त्यांना हाकलून दिलं. पण दुसऱ्या दिवशी दार लावून तिनं काय केलं ते मला वासावरून कळलं. पळसाचं पान जळताना एक वेगळाच वास येतो. पहिला पानगा बाहेरून कोळसा आणि आतून कच्चा. तिसऱ्या दिवशी मात्र तिनं स्वतःच दार उघडलं आणि ओरडली, “ओ गाडीवान, किती येळ ठेवाचा आरावर, ते तरी नीट सांगा.” बुवा काठी विसरून धावत गेले. त्यानंतर रोज सकाळी दोघांचं भांडण ऐकू यायचं. पीठ सैल आहे, आर जास्त आहे, मूठभर गहू मिसळा, गहू काय तुमच्या बापानं पाठवला. करीमचाचा दोराला धरून हसायचे आणि हसता हसता त्यांना दम लागायचा.

पानं ही अडचण होती. होळीच्या सुमाराला पळस फुलतो, पण पानं झडून गेलेली असतात. हाती आली ती वाळकी. ती पाण्यात भिजवून नरम करायची. कोणी रानातून आली तर आणायची, कोणी बाजारातून जुन्या पत्रावळी आणायची आणि त्यांच्या काड्या सोडवून पानं मोकळी करायची. बाराच्या बारा खोल्या त्या कामाला लागल्या. मला हात मागे बांधायचे होते. बाकीच्यांना तसा नियम नव्हता, आणि पानं वेचणं म्हणजे काही भाकर थापणं नव्हे.

ठरल्या दिवशी भाऊसाहेब आले, विठ्ठल आला. विठ्ठलनं गाडीत पुन्हा गादी घातली होती.

गयाबाईनं दार सताड उघडं ठेवलं. चुलीशेजारी गोवऱ्यांचा आर फुलला होता. तिनं पीठ मळलं. मळायला थरथर आड येत नाही. मग पान उचललं. घाईत की काय, त्या दिवशी पानं नीट भिजली नव्हती. तिच्या हातात ते वाळकं पान सारखं खडखडू लागलं. खोलीत दुसरा आवाज नव्हता. सगळे ओट्यावर गोळा होऊन बघत होते, आणि तिचा कंप आम्हाला नुसता दिसत नव्हता, ऐकू येत होता. विठ्ठल एकदम पुढे झाला. “आत्या, राहू दे ना, मी करतो.” मी त्याचा दंड धरला. चांगला घट्ट धरला. गयाबाईनं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. पानावर गोळा ठेवला, वरून पान टाकलं, दोन्ही तळव्यांनी दाबलं आणि पानासकट उचलून आरावर ठेवलं. पानगा फाटला नाही.

दोन पानगे झाले. वर तिखट आणि तेल. ताटलीत घालून तिनं भाऊसाहेबांपुढे सरकवली.

भाऊसाहेबांनी ताटली हातात घेतली. “पण गयाबाई, ताईनं भाकर म्हटलं होतं. ही काही भाकर नाही.”

“भाऊसाहेब,” ती म्हणाली, “तुमच्या बहिणीनं बायाचे हात पाहून नियम केला का तवा पाहून? पोटात गेल्यावर पुसा त्याले, भाकर आहे का पानगा.”

भाऊसाहेबांनी जळकं पान सोलून काढलं, तुकडा मोडला, खाल्ला. मग टोपी काढून मांडीवर ठेवली आणि सगळा पानगा संपवला. उठताना फक्त मला म्हणाले, “यांना गहू थोडा जास्त देत जा.” बुवांनी गयाबाईकडे असं बघितलं की जणू गहू त्यांच्याच बापानं पाठवला होता.

विठ्ठलनं पानगा खाल्ला नाही. हातात धरून बसला. “म्हणजे तू आता कधीच येणार नाही,” म्हणाला. मिशीवाला, चार एकराचा मालक, पण लहान पोरासारखा रडला. त्याच्या बाजूनं कोणी बोललं नाही. मीही नाही. त्याचं मला अजून वाईट वाटतं. त्याला सेवा करायची होती, आणि त्याच्या सेवेपासून पळून आलेली म्हातारी जिंकली म्हणून आम्ही सगळे खूश होतो.

गयाबाईनं त्याला कामाला लावलं. “माह्यासाठी पानं आणत जा. वडनेरकडचा पळस चांगला, रुंद पानाचा.” तो दर महिन्याला पोतं भरून पानं आणायचा. आला की ती त्याला पानगे करून घालायची आणि तो मुकाट्यानं खायचा. ती त्याला जेवू घालायची. तो मात्र तिला पाण्याचा पेलाही देऊ शकला नाही.

असे पुष्कळ दिवस गेले. बाराखोल्या आता नाहीत. भाऊसाहेबांच्या मागे पुढच्या मंडळींना त्या जागेचं दुसरं काही करायचं होतं. त्याबद्दल लिहायला बसले तर माझी जीभ सुटेल, म्हणून लिहीत नाही. पण गयाबाई त्याआधीच गेली, आणि आपल्या खोलीतच गेली.

शेवटच्या आठवड्यात तिला अन्न जात नव्हतं. तरी सकाळी चूल पेटवायची, आर करायची, एक पानगा भाजायची आणि तो तसाच ठेवायची. विठ्ठलला निरोप धाडला, तो आला. तिच्या उशाशी बसला. हात मांडीवर गच्च दाबून धरलेले, कशालाही लावायचे नाहीत म्हणून. इतक्या वर्षांत तोही माझ्यासारखाच शिकला होता.

गयाबाईनं डोळे उघडले, त्याच्याकडे बघितलं. मग चुलीजवळच्या ताटलीकडे हात केला. मी ताटली आणली. तिनं ती विठ्ठलच्या मांडीवर ठेवायला लावली.

“तुह्यी लय दिवसांची हौस राह्यली,” ती म्हणाली. “घे, भरव मले.”

त्यानं पान सोललं. अगदी बारीक तुकडा मोडला, तेलात बुडवला. गयाबाईनं तोंड उघडलं.